नाव एकाचे, जरब दुसऱ्याची : अहिल्याबाईंच्या रुपयाचे वाचन

१

बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीसारख्या बाजारपेठेच्या गावी जुन्या चांदीची गोष्ट निघाली की 'राणीछाप' हा शब्द हटकून कानी पडतो. तो कोणाला समजावून सांगावा लागत नाही. राणी म्हणजे व्हिक्टोरिया आणि राणीछाप म्हणजे तिच्या मुखवट्याचा रुपया, हा अर्थ वऱ्हाडातच नव्हे तर सर्व महाराष्ट्रात रूढ आहे. कंपनी सरकारने १८४० साली या राणीच्या नावाचा व मुखवट्याचा रुपया काढला. १८६२ पासून तो ब्रिटिश राजसत्तेच्या थेट अधिकारात निघू लागला. १८७७ पासून त्यावरील 'राणी' या पदवीच्या जागी 'सम्राज्ञी' ही पदवी आली. पदवी बदलली तरी मराठी बोलणाऱ्याने शब्द बदलला नाही. याचे कारण उघड आहे. त्याने इंग्रजी अक्षरे वाचलीच नव्हती, चेहरा वाचला होता.

याच प्रदेशात रुपयाला आणखी एक नाव होते, ते 'कलदार'. कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला, काठ कातरलेला, एकासारखा एक असा रुपया तो कलदार. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून कंपनीच्या कारभारात आले, तर चिखलीला लागून असलेला जालन्याकडील मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात राहिला. त्यामुळे इकडचा कलदार आणि तिकडचा हाली हा भेद या सीमेवर व्यवहाराचा होता. 'राणीछाप' आणि 'कलदार' या दोन शब्दांनी मिळून मराठी मनात नाण्याविषयी एक अपेक्षा घडविली. राणीचे नाणे म्हटले की त्यावर राणीचा चेहरा असावयाचा, तिचे नाव असावयाचे, आणि प्रत्येक नाण्यावर सर्व मजकूर पुरा व सारखा असावयाचा, अशी ती अपेक्षा आहे.

प्रस्तुत विवेचनाचा विषय या अपेक्षेने झालेली एक चूक हा आहे. घणाने पाडलेल्या जुन्या रुपयाचे वाचन यंत्राच्या रुपयावरून शिकलेल्या डोळ्याने केले, तर काय हाती येते आणि काय निसटते, हे अहिल्याबाई होळकर यांच्या रुपयाच्या निमित्ताने पाहावयाचे आहे. महाराष्ट्रात जन्मलेल्या आणि स्वतः राज्यकारभार केलेल्या स्त्रीच्या कारकिर्दीतील चांदीची नाणी म्हणून या रुपयाइतके सुपरिचित उदाहरण दुसरे नाही. आणि तितकेच चुकीचे वाचले गेलेलेही दुसरे नाही.

२

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली चौंडी येथे झाला. पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात मारले गेले. सासरे मल्हारराव १७६६ साली आणि पुत्र मालेराव १७६७ साली निवर्तले. त्यानंतर १३ ऑगस्ट १७९५ रोजी मृत्यू येईपर्यंत, सुमारे अठ्ठावीस वर्षे, होळकरांच्या मुलुखाचा कारभार त्यांनी महेश्वर येथून पाहिला. सैन्याची बाजू तुकोजी होळकरांकडे होती. या काळातील एका प्रकारच्या रुपयांवर शिवलिंग आणि बेलाचे पान ही चिन्हे आढळतात. त्यांना सामान्यतः महेश्वरच्या टांकसाळीचे व अहिल्याबाईंच्या कारकिर्दीतील मानले जाते.

या रुपयांविषयी दोन प्रकारची विधाने वारंवार वाचावयास मिळतात. गौरवपर लेखनात 'अहिल्याबाईंनी आपल्या नावाची नाणी पाडली' असे वाक्य येते. याउलट नाण्यांच्या सूचीत तोच रुपया 'शाह आलम दुसरा' या नावाखाली नोंदविला जातो आणि होळकरांचा उल्लेख झालाच तर स्थलनिर्देशापुरता होतो. पहिले विधान श्रद्धेने केलेले असते, दुसरे शिस्तीने. परंतु दोहोंच्या मुळाशी गृहीतक एकच आहे: नाण्यावर ज्याचे नाव, त्याचे नाणे. पहिल्या लेखकाला नाणे अहिल्याबाईंचे आहे हे ठाऊक असते, म्हणून तो त्यावर त्यांचे नाव असल्याचे समजून चालतो. दुसऱ्याला नाव शाह आलमचे दिसते, म्हणून तो नाणे शाह आलमचे ठरवितो. एकाने मजकूर न वाचता निष्कर्ष काढला. दुसऱ्याने केवळ मजकूर वाचला.

ही चूक क्षुल्लक मानता येणार नाही. स्त्रियांच्या राजसत्तेचा पुरावा आपल्याकडे आधीच विरळ. त्यात एका बाजूने नसलेला पुरावा निर्माण करावयाचा आणि दुसऱ्या बाजूने असलेला पुरावा दुसऱ्याच्या खात्यावर टाकावयाचा, असे घडले तर इतिहासाच्या विद्यार्थ्यापुढे जे उरते ते अर्धे स्तुतीचे आणि अर्धे विस्मृतीचे. यासाठी नाणे काय म्हणते, कोणत्या भाषेत म्हणते आणि कोणाला उद्देशून म्हणते, हे क्रमाने पाहणे अवश्य आहे.

३

प्रथम नाणे घडते कसे ते पाहू. चांदीचा कस पाहून ती आटविली जाई. तिचे ठरीव वजनाचे, रुपयामागे सुमारे अकरा ग्रॅमचे, तुकडे करून ते तापवून ठोकून गोल केले जात. खालचा ठसा स्थिर बसविलेला असे. त्यावर चांदीचा तुकडा ठेवून, वर दुसरा ठसा धरून, घणाचा घाव घातला जाई. दोन्ही बाजू एकाच घावात उमटत.

या कृतीतील एक तपशील वाचनाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. या काळातील रुपयांचा ठसा चांदीच्या तुकड्यापेक्षा बहुधा मोठा असे. त्यामुळे ठशावर कोरलेला सगळा मजकूर एका रुपयावर क्वचितच मावतो. एकावर बादशहाच्या नावाचा पूर्वार्ध येतो, दुसऱ्यावर उत्तरार्ध. एकावर सालाचे दोन अंक येतात आणि उरलेले काठाबाहेर जातात. एकावर चिन्ह पुरे येते तर दुसऱ्यावर त्याची कडच तेवढी दिसते. म्हणजे ठसा हा मूळ ग्रंथ मानला तर प्रत्येक रुपया ही त्याची एक खंडित प्रत ठरते. अनेक प्रती शेजारी ठेवून, एकीतील गळलेला भाग दुसरीवरून भरून काढीत, मूळ पाठ सिद्ध करावा लागतो. पोथ्यांच्या पाठचिकित्सेत जी सावधगिरी विद्यार्थ्याला शिकविली जाते, तीच येथे लागते. एका रुपयावर एखादे अक्षर दिसत नाही एवढ्यावरून ते ठशावर नव्हते असे म्हणता येत नाही. आणि ते दिसत नाही म्हणून तेथे आपल्याला हवे ते अक्षर होते, असेही म्हणता येत नाही. कलदार रुपयाची सवय झालेला वाचक नेमका येथे फसतो, कारण एका नाण्यात सारे नाणे पाहावयाची त्याला सवय असते.

मराठीत या कृतीला 'नाणे पाडणे' असा वाक्प्रयोग आहे. 'पाडणे' हे 'पडणे' या अकर्मक धातूचे प्रयोजक रूप होय. घण मारणारा रुपया पाडतो. टांकसाळीचा मक्तेदार तो पाडवितो. आणि ज्याच्या आज्ञेने टांकसाळ चालते तो मक्तेदाराकरवी पाडवून घेतो. मराठीच्या व्याकरणात कर्तृत्वाचे हे तीन थर स्पष्ट वेगळे ठेवता येतात. परंतु 'अमक्याने नाणी पाडली' या सोप्या वाक्यात ते तिन्ही एकात कोसळतात आणि चौथा थर, ज्याचे नाव नाण्यावर आहे तो, यांच्यावर स्वार होतो. 'अहिल्याबाईंनी नाणी पाडली' या वाक्याचा नेमका दोष तो खोटे आहे असा नाही. त्यात तृतीया विभक्तीचा कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे लेखकाने ठरविलेले नसते, असा आहे.

४

आता मजकूर. या रुपयांचा लेख फारसी लिपीत असून तो मुघल रुपयाच्या ठरीव साच्यातला आहे. एका बाजूस शाह आलम बादशहाचे नाव; दुसऱ्या बाजूस जुलूस म्हणजे राज्यारोहणापासूनचे वर्ष आणि 'जर्ब' या शब्दानंतर टांकसाळीचे ठिकाण, अशी त्या साच्याची ढोबळ मांडणी असते. अहिल्याबाईंचे नाव या लेखात नाही. मल्हाररावांचे नाही, तुकोजींचे नाही, पेशव्यांचे नाही आणि छत्रपतींचेही नाही.

या साच्यातील दोन शब्द मराठीने वेगळ्याच वाटेने घेतले आहेत आणि ते या प्रश्नावर अनपेक्षित प्रकाश टाकतात. 'जुलूस' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ बसणे. नाण्यावर तो तख्तावर बसण्याचा वाचक आहे. मराठीत मात्र जुलूस म्हणजे मिरवणूक. तख्तावर बसणे हे प्रजेला दिसते ते मिरवणुकीच्या रूपाने, आणि भाषेने प्रजेला दिसलेला अर्थ ठेवला. 'जर्ब' म्हणजे घाव, ठोका. नाण्यावर 'अमुक ठिकाणी ठोकलेले' एवढाच त्याचा अर्थ. मराठीत याच शब्दाची 'जरब' झाली आणि तिचा अर्थ धाक, दरारा असा झाला. नाण्यावर घाव घालणारा हात आणि मुलुखावर वचक ठेवणारा हात एकच असतो, अशी लोकांची समजूत या अर्थांतराच्या मागे होती असे ठामपणे म्हणता येणार नाही. पण शब्दाने केलेला हा प्रवास ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कारण अहिल्याबाईंच्या रुपयासंबंधीचा सारा वाद एका वाक्यात सांगावयाचा तर तो असा: नाव शाह आलमचे आहे, जरब कोणाची?

शाह आलमची ती नव्हती, हे इतिहासावरून उघड आहे. १७५९ ते १८०६ या दीर्घ कारकिर्दीत त्याच्या नावाने नाणी काढणाऱ्यांत होळकर होते, महादजी शिंदे होते आणि ईस्ट इंडिया कंपनीही होती. कंपनीने बंगाल्यातील आपल्या रुपयावर शाह आलमचे नाव आणि त्याच्या जुलूसाचे एकोणिसावे वर्ष गोठवून ठेवले आणि तो बादशहा वारल्यानंतरही तो साचा कायम ठेवला. होळकरांच्या पुढील पिढ्यांनीही मृत बादशहाचे नाव दीर्घकाळ चालू ठेवले. अर्थात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे नाव सत्तेचे विधान राहिले नव्हते. पत्राच्या प्रारंभी जसा ठरीव मायना लिहावयाचा, तसा तो रुपयाचा मायना झाला होता. मायन्यावरून पत्र कोणी लिहिले हे ठरवीत नाहीत. सराफ ज्या रुपयाला रुपया म्हणून ओळखतो त्याचे रूप हे असे, म्हणून ते राखावयाचे. इतकेच त्याचे प्रयोजन उरले होते.

येथून एक महत्त्वाचे अनुमान निघते. अहिल्याबाईंचे नाव रुपयावर नाही याचे कारण त्या स्त्री होत्या हे नव्हे. तसे असते तर महादजींचे नाव त्यांच्या रुपयावर असावयास हवे होते. आणि त्यांनी निरिच्छ वृत्तीने आपले नाव घातले नाही, हे भाविक स्पष्टीकरणही त्याच कारणास्तव टिकत नाही. ज्या प्रथेत कोणीच नाव घालीत नव्हते, तेथे नाव न घालणे हा कोणाचा गुण ठरत नाही आणि कोणाचा कमीपणाही ठरत नाही. शांततेचा अर्थ लावताना त्या सभेत कोण बोलत होते हे आधी पाहावे लागते.

ठिकाणाच्या नावाबाबतही सावधगिरी हवी. होळकरांच्या मुलुखातील चांदवडच्या रुपयावर टांकसाळीचे नाव 'जाफराबाद उर्फ चांदोर' असे येते. काठ तुटक्या रुपयावर यातील 'जाफराबाद' तेवढेच दिसले, तर चिखलीच्या वाचकाला ते शेजारच्या, जालना जिल्ह्यातील जाफराबादचे नाणे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. 'उर्फ' हा एक शब्द काठाबाहेर गेला की टांकसाळ एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाते. खंडित पाठाचे वाचन किती जपून करावे लागते याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

५

स्त्रीचे नाव असलेली नाणी भारतात नाहीत असे मात्र नाही. ती शेजारी ठेवली म्हणजे 'नाव' या गोष्टीचा अधिकाराशी संबंध किती विविध प्रकारे असू शकतो हे दिसते.

नाणेघाटाच्या शिलालेखामुळे सर्वपरिचित झालेली सातवाहन राणी नागनिका हिचे नाव सातकर्णीच्या नावासमवेत एका चांदीच्या नाण्यावर ब्राह्मी लिपीत आढळते. तेथे राणी राजाच्या बरोबरीने येते; परंतु त्याच्यावाचून येत नाही. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात अजमेरच्या चाहमान अजयराजाची राणी सोमलदेवी हिची नाणी निघाली. त्यांवर नागरीत तिचे नाव आहे आणि राजाचे नाही. मध्ययुगीन भारतातील घणाच्या नाण्यांत राणीच्या स्वतंत्र नावाचे हे ठळक उदाहरण होय. तथापि राज्य अजयराजाचे होते. नाव स्वतंत्र, पण सत्ता स्वतंत्र नव्हे.

दिल्लीच्या तख्तावर १२३६ ते १२४० या काळात स्वतः बसलेली रझिया हिची गोष्ट निराळी. सत्ता तिची होती. तरीही लखनौती येथील तिच्या चांदीच्या टंकावरील अरबी लेखात तिची ओळख इल्तुतमिश सुलतानाची कन्या म्हणून दिलेली आहे. अरबी भाषेत नामाला लिंग आहे, म्हणून तेथे 'मलिका' हे स्त्रीलिंगी पद लपत नाही; परंतु त्या पदाला आधार पित्याच्या नावाचा घ्यावा लागतो.

नूरजहानच्या नाण्यांवरील फारसी मजकूर या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. जहांगीराच्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षांत निघालेल्या या नाण्यांवर, जहांगीर शहाच्या हुकमाने आणि बादशाह बेगम नूरजहानच्या नावाने धातूला शोभा आली, अशा आशयाची रचना आहे. हुकूम आणि नाव ही दोन पदे तेथे स्पष्टपणे दोन व्यक्तींत वाटून दिलेली आहेत. हुकूम पतीचा, नाव पत्नीचे.

युरोपातही हा पेच दिसतो. बाराव्या शतकात इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या मटिल्डाच्या नावाची चांदीची पेनी नाणी निघाली. तीही घणानेच पाडलेली. त्यांवर लॅटिनमध्ये तिचे नाव आहे. परंतु तिचा राज्याभिषेक कधीच झाला नाही आणि देश तिच्या पूर्ण ताब्यात कधीच आला नाही. तेथे नाव हे सत्तेचे प्रमाण नसून सत्तेवरचा दावा आहे.

या मालिकेत अहिल्याबाईंचा रुपया ठेवला की त्याचे वैशिष्ट्य आपोआप उठून दिसते. नूरजहानच्या नाण्यात नाव तिचे आणि हुकूम दुसऱ्याचा. अहिल्याबाईंच्या नाण्यात नाव दुसऱ्याचे आणि हुकूम त्यांचा. नाव असणे हाच निकष धरला तर राज्य न केलेल्या राण्या राज्यकर्त्या ठरतात आणि अठ्ठावीस वर्षे राज्य केलेली स्त्री अदृश्य होते. ज्या निकषाने असा उलटा निकाल लागतो, तो निकष सोडून देण्यावाचून गत्यंतर नाही.

६

मग हुकूम अहिल्याबाईंचा होता हे नाण्यावरून कळते का? येथे मजकूर सोडून चिन्हाकडे वळावे लागते.

घणाच्या रुपयाचे दोन वाचक होते. एक फारसी जाणणारा कारकून. दुसरा सराफ, शेतकरी, उदमी. पहिल्यासाठी लेख होता, दुसऱ्यासाठी चिन्ह. लोकांनी रुपयांना दिलेली नावे याची साक्ष देतात. पुण्याच्या ज्या रुपयावर अंकुश असे त्याला लोक अंकुशी म्हणत. चांदवडच्या रुपयाला चांदवडी म्हणत. शाह आलमच्या नावाने निघालेल्या असंख्य रुपयांपैकी एकालाही मराठीने 'शाहआलमी' असे व्यवहारनाम दिल्याचे दिसत नाही. बट्टा किती लावावयाचा हे ठरविताना सराफ बादशहाचे नाव विचारीत नसे. तो टांकसाळ विचारी, साल विचारी, नाणे वाजवून पाही. म्हणजे व्यवहाराच्या भाषेत रुपयाची ओळख चिन्ह आणि ठिकाण यांनी ठरत होती. राणीछाप रुपयावरही अक्षरे न वाचता चेहराच वाचणारा मराठी मनुष्य आपल्या पणजोबांची रीतच पुढे चालवीत होता.

शिवलिंग आणि बेलाचे पान ही चिन्हे या भाषेतील आहेत. अहिल्याबाईंनी राज्य शिवार्पण मानले आणि त्यांच्या हुकमांवर स्वतःच्या सहीच्या जागी 'श्रीशंकर' असा निर्देश होत असे, असे परंपरा सांगते. ती परंपरा ग्राह्य धरली तर कागदावरचे 'श्रीशंकर' आणि चांदीवरचे लिंग व बेल ही एकाच मुद्रेची दोन रूपे ठरतात. एक अक्षरांत, एक आकृतीत. मुघल लेखाच्या बंदिस्त साच्यात जेथे काही बदलता येत नव्हते, तेथे चिन्हाची तेवढी जागा मोकळी होती. आणि त्या मोकळ्या जागेत जे ठेवले गेले ते निवडून ठेवले गेले. लेख हा रूढीचा होता, चिन्ह हे निवडीचे होते. कर्तृत्व शोधावयाचे ते निवडीत शोधावे.

तथापि येथेही उत्साहाला आवर घालणे जरूर आहे. चिन्ह म्हणजे नाव नव्हे. बेलाचे पान शिवभक्तीचे द्योतक आहे. ते स्त्रीत्वाचे नाही आणि व्यक्तीचेही नाही. टांकसाळीचे चिन्ह एकदा बाजारात मान्य झाले की ते राज्यकर्त्याबरोबर बदलण्याचे कारण नसते. उलट ते बदलले तर सराफाला संशय येतो. म्हणून बेलाचे पान दिसले की रुपया अहिल्याबाईंचा, हे अनुमान शाह आलमचे नाव दिसले की रुपया शाह आलमचा, या अनुमानाइतकेच कच्चे आहे. पहिल्या चुकीची जागा दुसऱ्या चुकीने घेण्यात काही लाभ नाही.

साल हा येथे उत्तम साक्षीदार ठरतो. अहिल्याबाईंची कारकीर्द १७६७ ते १७९५, म्हणजे हिजरी सनाप्रमाणे सुमारे ११८१ ते १२१० आणि शाह आलमच्या जुलूसाप्रमाणे सुमारे आठव्या-नवव्या वर्षापासून सदतिसाव्या वर्षापर्यंत. ज्या रुपयावर चिन्ह स्पष्ट आहे, साल वाचता येते आणि ते या मर्यादेत बसते, त्याविषयीच निश्चयाने बोलावे. साल काठाबाहेर गेले असेल तर 'होळकर, लिंग व बेल चिन्ह, साल अवाच्य' एवढीच नोंद प्रामाणिक होय. शिवाय या कालमर्यादेतही तुकोजींचा प्रश्न उरतो. सैन्याचे आधिपत्य त्यांच्याकडे आणि मुलकी कारभार बाईंकडे अशी विभागणी असताना टांकसाळ ही मुलकी कारभाराची बाब होती आणि महेश्वर हे बाईंचे वास्तव्याचे ठिकाण होते, या आधारावर त्या टांकसाळीचे श्रेय बाईंना देणे युक्त आहे. परंतु हा नाण्याबाहेरचा आधार आहे, हे नोंदीत स्पष्ट असावे. नाणे जे सांगते ते नाण्याच्या तोंडी आणि इतिहास जे सांगतो ते इतिहासाच्या तोंडी घालणे, हीच समीक्षेची पहिली अट होय.

७

होळकरांच्या घराण्यात नाव घालण्याचा प्रयत्न पुढे झाला, तोही येथे तपासण्याजोगा आहे. यशवंतराव होळकरांनी शके १७२८ मध्ये, म्हणजे १८०६-०७ च्या सुमारास, संस्कृत श्लोक असलेला रुपया काढला. त्यात त्यांचे स्वतःचे नाव नागरी अक्षरांत आले. परंतु त्याच रुपयाच्या दुसऱ्या बाजूस इंद्रप्रस्थाच्या चक्रवर्ती राजाच्या प्रसादाने ही मुद्रा केली, अशा आशयाचे विधान आहे. फारसी गेली, संस्कृत आली. शाह आलम हे नाव गेले, इंद्रप्रस्थ हे स्थान आले. पण 'कोणाच्या तरी प्रसादाने' ही वाक्यरचना गेली नाही. लष्करी पराक्रमाने आपली गादी उभारणाऱ्या पुरुषालाही नाण्यावर निरपेक्ष प्रथमपुरुषी वाक्य उच्चारता आले नाही. ही लेखपद्धती पुढे रूढही झाली नाही. मल्हारनगरच्या टांकसाळीतून सूर्यमुखाचे रुपये शाह आलमच्याच नावाने निघत राहिले. अहिल्याबाईंच्या रुपयावरील अनुपस्थितीला केवळ स्त्रीजीवनाच्या मर्यादेचे उदाहरण मानणाऱ्याने या रुपयाचा विचार अवश्य करावा.

याचा अर्थ स्त्री असण्याने काहीच फरक पडला नाही असा नव्हे. फरक पडला तो नाण्यावर नव्हे, नाण्याच्या वाचनात. महादजींच्या रुपयावर शाह आलमचे नाव आहे म्हणून महादजींची सत्ता कोणी नाकारीत नाही. तेथे अभ्यासक आपण होऊन नावाच्या पलीकडे पाहतो. अहिल्याबाईंच्या बाबतीत मात्र एक तर नाव होते असे सांगून त्यांचा सन्मान केला जातो, नाही तर नाव नव्हते असे दाखवून त्यांना बाजूस सारले जाते. पुरुषाच्या बाबतीत जी गोष्ट प्रथेचा भाग ठरते, ती स्त्रीच्या बाबतीत पुराव्याचा प्रश्न होते. हा पक्षपात टांकसाळीचा नाही. तो सूचीकाराचा आणि चरित्रकाराचा आहे.

८

३१ मे २०२५ रोजी, अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, भोपाळ येथे त्यांचा मुखवटा असलेले तीनशे रुपयांचे स्मारक नाणे प्रकाशित झाले. या नाण्यावर चेहरा आहे आणि नावही आहे. राणीछाप रुपयाने घडविलेली अपेक्षा अशा रीतीने पुरी झाली. परंतु आतापर्यंतच्या विवेचनाची कसोटी याही नाण्याला लावता येते. या नाण्याचा हुकूम भारत सरकारचा आहे; नाव तेवढे अहिल्याबाईंचे. आणि व्हिक्टोरियाचा रुपया? तिने या देशात पाऊलही ठेवले नाही. तिच्या नावाने हुकूम चालविले ते इतरांनी. नाव आणि चेहरा ज्या दोन नाण्यांवर पूर्ण आहेत, त्या दोन्हींत जरब दुसऱ्याची आहे. जेथे जरब त्या राज्यकर्त्या स्त्रीची होती, तेथे नाव व चेहरा दोन्ही नाहीत. आहे ते बेलाचे एक पान, आणि तेही पुष्कळदा काठावर अर्धे तुटलेले.

तेव्हा या रुपयाची नोंद कशी करावी? 'अहिल्याबाईंच्या नावाचा रुपया' हे म्हणणे सोडावे. 'शाह आलमचा रुपया' एवढ्यावर थांबणेही सोडावे. 'शाह आलमच्या नावे, होळकरांच्या मुलुखात, अहिल्याबाईंच्या कारभारात पाडविलेला, लिंग व बेल चिन्हांचा, अमुक सालाचा रुपया' असे लांब वाक्य लिहावे. ते डौलदार नाही. परंतु त्यात प्रत्येकाला त्याचे स्थान मिळते. बादशहाला षष्ठी मिळते, घराण्याला सप्तमी मिळते, आणि प्रयोजक क्रियापदामागे आज्ञा देणारी व्यक्ती उभी राहते. चिखलीच्या पेढीवर किंवा एखाद्या संग्रहालयाच्या कपाटात असा रुपया अभ्यासकाच्या हाती पडला, तर त्याने प्रथम त्यावर राणी शोधू नये. साल शोधावे, चिन्ह शोधावे, काठाबाहेर काय गेले असेल त्याचा विचार करावा. राणी त्यानंतर सापडते, आणि तशी सापडलेली राणी कोणाला खोडून काढता येत नाही.